आधी मीटर, मग पाना: गाडीचा अल्टरनेटर घरी बदलताना

डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला की बरेच जण थेट दुकान गाठून नवा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज बनवणारं आणि बॅटरी चार्ज करणारं यंत्र, मागतात. तसं करू नका. तो दिवा फक्त एवढंच सांगतो की चार्जिंगमध्ये काहीतरी बिघडलंय. बेल्ट सैल झाला, इंजिनला बॉडीशी जोडणारी अर्थ पट्टी गंजली, अल्टरनेटरच्या पाठीमागचा नट ढिला पडला, आतल्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश तेवढे झिजले, यांतल्या कशानेही तो लागू शकतो. अल्टरनेटर काढणं आणि बसवणं हे चार-पाच पान्यांचं काम आहे. हात भाजतो, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) जळतो, वायरिंग पेटतं ते दोन कारणांनी: न मोजता केलेलं निदान आणि बॅटरीची मायनस न काढता लावलेला पाना.

मोजणी

साधा डिजिटल मल्टीमीटर पुरतो. मात्र लाल वायर व्होल्टच्या भोकात आहे ना, हे दर वेळी बघा. ती १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि टोकं बॅटरीवर टेकवली, तर मीटरची जाड तार झाली म्हणून समजा. बॅटरी सरळ शॉर्ट होते. स्वस्त मीटरमध्ये त्या भोकाला आत फ्यूजच नसतो, शेजारी तसं छापलेलंही असतं. प्रोब, म्हणजे मीटरचं टोक, वितळून बोटाला चिकटते.

नॉब २० व्होल्ट डीसीवर ठेवा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, सेल्फ मारण्याआधी, चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसतं. १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. १२ च्या खाली म्हणजे रिकामी. आता दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. त्या क्षणी आकडा ९.६ च्या खाली गेला तर आधी बॅटरीवर संशय घ्या, अल्टरनेटरवर नंतर.

इंजिन चालू झाल्यावर १५०० ते २००० आरपीएमला १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर सगळं लावून आकडा १३.५ च्या खाली घसरत असेल तर चार्जिंग कमी पडतंय. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर, म्हणजे जुने मेकॅनिक ज्याला कटआउट म्हणतात तो, गेलाय. अशा गाडीत बॅटरी फुगते, तिचं पाणी सारखं कमी होतं, बल्ब वरचेवर उडतात. नव्या बऱ्याच गाड्यांत ईसीएम स्वतः चार्जिंग कमी-जास्त करतो, त्यामुळे बॅटरी भरलेली असताना १२.८ दिसलं तरी घाबरू नका. हेडलाइट लावून पुन्हा मोजा.

यानंतरची मोजणी फार थोडे जण करतात आणि तीच सगळ्यात जास्त पैसे वाचवते. इंजिन चालू, दिवे लावलेले. एक प्रोब अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरच्या नटावर, म्हणजे बी प्लसवर, आणि दुसरी बॅटरीच्या प्लस खांबावर. फरक ०.२ व्होल्टपर्यंत असावा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त असेल तर दोष वायर, तिचं थिंबल (टोकाचं धातूचं कडं) किंवा मोठा फ्यूज यांत आहे. मग एक प्रोब अल्टरनेटरच्या ॲल्युमिनियम बॉडीवर आणि दुसरी बॅटरीच्या मायनस खांबावर. इथेही ०.२ च्या वर गेलं तर इंजिन आणि चासी यांच्यामधली अर्थ पट्टी सोडा, दोन्ही टोकं पॉलिश पेपरने चकचकीत करा, पुन्हा घट्ट बसवा. या दोन आकड्यांत खोट असताना नवा अल्टरनेटर लावला तर दिवा तसाच राहतो आणि पैसे जातात. या मोजणीत प्रोब आणि बाही दोन्ही बेल्टपासून दूर ठेवा. ओढणी, सैल शर्ट, मोकळे केस असतील तर बॉनेटजवळ जाऊच नका.

गाडी चालवताना चार्जिंग चांगलं, पण दोन दिवस उभी राहिली की बॅटरी बसते, असं असेल तर अल्टरनेटरमधला डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, गळत असू शकतो. चावी काढा, सगळं बंद करा, बॅटरीची मायनस सोडून मीटर १० अँपिअरवर तिच्या आणि खांबाच्या मध्ये जोडा, अर्धा तास थांबा. ०.०५ अँपिअरपर्यंत ठीक. जास्त असेल तर मीटर काढा आणि मायनस सुटलेली असतानाच बी प्लसची वायर नटावरून काढून तिच्या थिंबलला टेप गुंडाळा. मग मीटर पुन्हा तसाच जोडा. आकडा एकदम खाली आला तर डायोड. मीटर असा मध्ये जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका. त्यातून शेकडो अँपिअर जायला बघतात. डायोडची तपासणी एसी व्होल्टवरही होते, पण स्वस्त मीटर एसीवर ठेवून बॅटरीला लावला की पंचवीस-तीस असला भलताच आकडा दाखवतो. त्याच्यावर विसंबू नका.

आणि एक जुनी पद्धत कायमची सोडून द्या. गाडी चालू ठेवून बॅटरीची एक तार काढायची, इंजिन बंद पडलं तर अल्टरनेटर खराब, ही परीक्षा अल्टरनेटरच्या आधी गाड्यांत डायनॅमो असायचा त्या काळातली. आजच्या गाडीत चालू इंजिनवर बॅटरी सुटली की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणात कित्येक पटीने उसळतं, कारण ते शोषून घेणारी बॅटरीच समोर नसते. त्यात डायोड, ईसीएम, म्युझिक सिस्टीम, एअरबॅगचं युनिट, काहीही जाऊ शकतं. अल्टरनेटर चांगला असला तर नुकसान जास्त.

किती अँपिअरचा, कसला

लहान पेट्रोल गाडीला साधारण ५५ ते ७५ अँपिअरचा अल्टरनेटर असतो, मोठ्या डिझेल गाड्यांना ९० ते १२० किंवा वर. पावसाळ्यात रात्री महाबळेश्वरहून वाईकडे उतरताना पसरणी घाटात धुक्यामुळे गाड्यांची रांग लागते तेव्हाचा हिशेब करून बघा. हेडलाइट नऊ अँपिअर, ब्लोअर दहा-बारा, वायपर चार-पाच, मागची काच दहा-बारा, इंजिनचा स्वतःचा पंप आणि इंजेक्टर दहा-पंधरा, त्यात रेडिएटरचा पंखा. पन्नासच्या आसपास गेलेच. आयडलवर उभ्या गाडीचा ७० चा अल्टरनेटर मात्र जेमतेम निम्मं देतो. उरलेलं बॅटरी भरते. म्हणून घाटात एखादेवेळी दिवे मंद झाले एवढ्यावरून तो बाद ठरवू नका. बंपरवर दोन ज्यादा एलईडी बार आणि मोठा हॉर्न लावलेला असेल तर तोही यात धरा.

नवा घेताना जुन्याशी पाच गोष्टी जुळवा: अँपिअर, पुलीवरच्या खाचांची संख्या, मागच्या प्लगचा आकार आणि पिना, बोल्टच्या कानांमधलं अंतर, आणि डिझेल असेल तर व्हॅक्यूम पंप (ब्रेकला जोर देणारा). शक्यतो जुना काढून सोबतच न्या. जास्त अँपिअरचा मिळतोय म्हणून घेऊ नका. वायर आणि फ्यूज जुन्याच ताकदीचे आहेत. लुकास टीव्हीएस, बॉश, व्हॅलिओ, डेन्सो यांच्या अल्टरनेटरवर पार्ट नंबर छापलेला असतो, तोच मागा.

नवा घेण्याआधी दुरुस्तीचा विचार जरूर करा. जुना घेऊन ऑटो इलेक्ट्रिकच्या चांगल्या दुकानात जा, बेंचवर फिरवून लोडसकट आकडा दाखवायला सांगा. ब्रश पाच मिलिमीटरपेक्षा कमी बाहेर उरले असतील तर ब्रशसह रेग्युलेटर बदलून काम होतं. घरघर करत असेल तर बेअरिंग. जुन्या बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, दोन्ही बाजूंची एकदमच बदला. कॉइल जळल्याचा उग्र वास येत असेल, वार्निश काळं पडलं असेल, तर मात्र पूर्ण नवा घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. रिवाइंडिंग (कॉइल नव्याने गुंडाळणं) करून चालतो, पण किती दिवस ते कारागिराच्या हातावर अवलंबून.

जत, आटपाडी भागात कच्च्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाड्यांत धुळीने ब्रश आणि ते ज्यांवर घासतात त्या स्लिप रिंग लवकर झिजतात. सांगलीत प्रश्न वेगळा: २०१९ आणि २०२१ च्या महापुरातून निघालेल्या गाड्या अजून हातोहात विकल्या जातात. बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर इंजिनच्या खालच्या बाजूला असतो, त्यात कृष्णेचा बारीक गाळ शिरला की सुकून सिमेंटसारखा बसतो. असा अल्टरनेटर नुसता हवा मारून साफ होत नाही, उघडावाच लागतो. आणि गाडी पुन्हा कधी पाण्यात गेली तर चावी फिरवू नका. पाणी ओसरल्यावर पहिलं काम बॅटरीची मायनस काढणं.

मारुतीच्या स्मार्ट हायब्रिड गाड्यांत अल्टरनेटरच्या जागी सेल्फचंही काम करणारं यंत्र असतं आणि बऱ्याचदा सोबत दुसरी लिथियम बॅटरी. ते घरी उघडू नका.

काढण्याआधी

गाडी सपाट जागी, इंजिन पूर्ण थंड, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. खालून हात घालावा लागणार असेल तर जॅकवर भरवसा नको, घोडी (लोखंडी स्टँड) लावा. हातातली अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून घरात ठेवा. बॅटरीचा प्लस आणि गाडीची बॉडी यांच्यामध्ये अंगठी सापडली तर ती सेकंदात लाल होते आणि बोटातून निघत नाही. बारा व्होल्टचा झटका लागत नाही, म्हणूनच लोक गाफील राहतात.

उजेडासाठी २३० व्होल्टचा बल्ब एक्स्टेंशनवर ओढून गाडीखाली नेऊ नका. पावसात अंगण ओलं, फरशी ओली, वायरचं कव्हर कुठेतरी सोललेलं, आणि माणूस लोखंडाला टेकून पाठीवर झोपलेला. चार्जिंगचा एलईडी टॉर्च वापरा. बॅटरी चार्जरसाठी बोर्ड लागलाच तर तो ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरचा (वीज गळली की लाइन तोडणाऱ्या स्विचवरचा) असावा, तीन पिनांचा, अर्थिंग चालू असलेला.

पाने: १०, १२, १३, १४, १६ आणि १७ चे रिंग आणि गोटी पाने, लांब दांडा, एक्स्टेंशन, टॉमी (उचकटायची लोखंडी दांडी), स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, पॉलिश पेपर. जपानी घडणीच्या गाड्यांत बहुतेक १०, १२, १४ लागतात; युरोपीय घडणीत १०, १३, १६ किंवा १७. गंजलेल्या बोल्टना आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा.

चावी काढून खिशात ठेवा, गाडीत नको. बॅटरी काढता-जोडताना सेंट्रल लॉक आपोआप लागू शकतं. म्युझिक सिस्टीमला कोड असेल तर लिहून घ्या. मग बॅटरीची मायनस आधी काढा. कारण सोपं आहे: गाडीची सगळी बॉडी मायनस असते. प्लस आधी सोडायला गेलात आणि पाना जरा बॉडीला टेकला तर पूर्ण बॅटरी त्या पान्यातून शॉर्ट. मायनस सोडताना पाना बॉडीला लागला तरी काही होत नाही. सुटलेलं टर्मिनल कापडात गुंडाळून बाजूला बांधा, म्हणजे स्प्रिंगसारखं परत खांबावर येणार नाही. दहा मिनिटं थांबा.

काढणं

बेल्टचा मार्ग कसा आहे त्याचा फोटो काढा. बेल्टला आपोआप ताण देणारा टेन्शनर असेल तर तो पान्याने फिरवून बेल्ट उतरवा. नसेल तर आधी खालचा लांब बोल्ट आणि वरच्या पट्टीचा बोल्ट थोडे ढिले करा, मग ताणाचा स्क्रू उलटा फिरवा. बेल्टवर भेगा किंवा चकाकी असेल, धागे निघाले असतील, तर तो आत्ताच बदला. दुसऱ्यांदा एवढं खोलायचं नाही.

मागचा प्लग कुलूप दाबून ओढा, वायरीला धरून ओढू नका. बी प्लसवरचं रबर मागे सारा. पाना लावण्याआधी मीटरची एक प्रोब त्या नटावर, दुसरी इंजिनवर टेकवा. शून्य दिसलं तरच पुढे जा. ही वायर फ्यूजमधून सरळ बॅटरीला जाते, चावी काढलेली असली तरी ती जिवंतच असते. या कामात होणारे बहुतेक भाजण्याचे प्रकार याच नटावर होतात.

डिझेल गाडीत अल्टरनेटरच्या पाठीला व्हॅक्यूम पंप असेल तर त्याला ऑइलचे पाइप आणि ब्रेक बूस्टरचा होज असतो. कुठला कुठे, यावर खूण करा, खाली डबा धरा. नवा लावताना पंपात आधी थोडं इंजिन ऑइल सोडा, तांब्याच्या वॉशर नव्या वापरा. इथे हलगर्जी झाली तर चार्जिंग उत्तम राहील आणि ब्रेक दगडासारखा कडक होईल.

आता बोल्ट पूर्ण काढा. अल्टरनेटर ब्रॅकेटमध्ये घट्ट अडकतो तो कानातल्या सरकत्या बुशमुळे. टॉमी घालून उचकटू नका, ॲल्युमिनियमचा कान तडकतो. हलवत, लाकडाचा ठोकळा ठेवून टोले देत काढा. काही गाड्यांत तो वरून निघतच नाही. पुढचं चाक आणि आतलं प्लास्टिक काढून खालून घ्यावा लागतो. वजन पाच-सहा किलो असतं, तोंडावर येणार नाही अशा बेताने धरा.

बसवणं

नव्याच्या कानातला बुश बोल्ट आणि नट लावून दोन मिलिमीटर मागे ओढून घ्या, म्हणजे ब्रॅकेटमध्ये सहज सरकेल. ब्रॅकेटची जागा पॉलिश पेपरने साफ करा. अल्टरनेटरला मायनस तिथूनच मिळते. खालचा लांब बोल्ट हाताने, मग वरचा. प्लग टक आवाज येईपर्यंत दाबा. बी प्लसचं थिंबल स्वच्छ करून बसवा आणि नट नीट आवळा, पण अंगावर घेऊन नाही: सहा मिलिमीटरच्या स्टडला ८ ते १० न्यूटन मीटर पुरतं, आठच्या स्टडला १२ ते १५. जास्त आवळलं तर स्टड आतल्या आत फिरतो, कमी आवळलं तर तिथेच तापून थिंबल काळं पडतं. रबर परत चढवा.

बेल्टच्या सगळ्या खाचा पुलीत बसल्यात ना, बोट फिरवून बघा. एक खाच बाहेर राहिली तर पाच मिनिटांत बेल्ट चिरतो. ताणाचा स्क्रू असलेल्या गाडीत सर्वांत लांब भागावर अंगठ्याने जोरात दाबल्यावर बेल्ट साधारण ७ ते १० मिलिमीटर दबावा. चार्जिंग सुधारेल म्हणून जास्त ताणू नका, बेअरिंग खाल्लं जातं.

जुनी बॅटरी पार उतरलेली असेल तर ती तशीच जोडून इंजिन चालू करू नका. अल्टरनेटर हा बॅटरी चार्जर नव्हे. रिकाम्या बॅटरीला तो पूर्ण ताकदीने ओतत राहतो, आयडलवर त्याचा पंखा हळू फिरतो, आणि नवाकोरा अल्टरनेटर पहिल्याच दिवशी तापून जातो. बॅटरी बाहेर काढून चार्जरवर लावा: ३५ अँपिअर अवरच्या बॅटरीला साडेतीन अँपिअर, दहा-बारा तास. आधी क्लिपा, मग भिंतीतलं बटण; काढताना उलट. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून बंद खोली, गॅस शेगडी, देवघराची समई यांच्यापासून लांब, हवेशीर जागी ठेवा. ॲसिड अंगावर उडालं तर भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं आणि मग थेट डॉक्टर.

बॅटरी परत जोडताना प्लस आधी, मायनस शेवटी. खांबांवरच्या खुणा दोनदा वाचा. उलटी जोडली तर डायोड त्याच क्षणी जातात. मायनस टेकवताना बारीक ठिणगी चालते. मोठी ठिणगी, धूर किंवा तार गरम होत असेल तर लगेच उचला. बी प्लसचं थिंबल बॉडीला टेकलंय का ते आधी बघा.

जंप स्टार्ट आणि इतर घाई

काम संपेपर्यंत शेजाऱ्याच्या गाडीवरून सेल्फ मारायची वेळ येते. लाल केबल मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचं टोक आपल्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. ट्रॅक्टर बहुतेक १२ व्होल्टचा असतो, तो चालतो. उसाच्या ट्रकची यंत्रणा बहुतेक २४ व्होल्टची असते. त्यावरून कारला जंप दिला तर ईसीएमसकट सगळं जाऊ शकतं. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी आणायची असेल तर आधी इन्व्हर्टर बंद करा, त्याची पिन भिंतीतून काढा, मग तारा सोडा. दोन बॅटऱ्यांचा इन्व्हर्टर २४ व्होल्टचा असतो, त्यातली एकच सोडवून घ्या, आणि ती दोघांनी उचला. पन्नास-साठ किलो भरते.

मोठा फ्यूज उडाला म्हणून त्याच्या जागी वायरचा तुकडा घालू नका. फ्यूज उडाला म्हणजे पुढे शॉर्ट आहे; तुकडा घातला की फ्यूजऐवजी हार्नेस, म्हणजे वायरिंगचा सगळा जुडगा, जळतो. बॉनेटखालून धूर आला तर इंजिन बंद, बॉनेट बोटभरच उघडा, एबीसी पावडरचं अग्निशामक तिथून मारा, आणि जमलं तर मायनस तोडा.

पहिलं स्टार्ट

इंजिन आयडलवर पाच मिनिटं चालू द्या, लगेच रेस करू नका. लाल दिवा गेला, आवाज स्वच्छ आहे, मीटरवर १४ च्या आसपास आहे, मग एकेक करून दिवे, ब्लोअर, एसी लावा. डिझेलला व्हॅक्यूम पंप असेल तर गाडी हलवण्याआधी ब्रेक दाबून बघा, ऑइलची गळती बघा. पंधरा मिनिटांनी इंजिन बंद करून बी प्लसची वायर हाताने तपासा: कोमट चालेल, चटका बसला तर नट किंवा थिंबल पुन्हा. बॅटरी काढल्यामुळे पॉवर विंडोचा ऑटो एकदा पूर्ण वर-खाली करून शिकवावा लागतो, घड्याळ लावावं लागतं. नवा बेल्ट दोनशे किलोमीटरनंतर थोडा सैलावतो, तेव्हा ताण पुन्हा मोजा. आणि गाडी धुताना प्रेशरचं पाणी अल्टरनेटरवर मारू देऊ नका, धुणाऱ्या मुलाला आधी जागा दाखवा.